अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ आणि लक्ष्मीबाई



नोव्हेंबर महिना आला की चर्चच्या कचेरीत मृतांच्या नावांच्या याद्या येऊ लागतात. २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन असतो. कबरी साफ होतात, मेणबत्त्या लागतात आणि महिनाभर आपण आपल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो. या याद्या वाचताना आमच्या मनात दरवर्षी एकच विचार येतो. यादीतला जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही अर्धे ठेवून गेलेला असतो. कोणाचे घर बांधायचे राहिले, कोणाच्या मुलीचे लग्न राहिले, कोणाचे कर्ज फेडायचे राहिले. मरण आपल्या कामाचा हिशेब पाहून येत नाही. मग राहिलेले काम कोण पुरे करतो? आणि जो पुरे करतो त्याचे नाव कोण घेतो?

आज आम्ही अशाच एका अपुऱ्या राहिलेल्या कामाची आणि ते पुरे करणाऱ्या स्त्रीची हकिगत सांगणार आहोत. ही स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आपल्यापैकी पुष्कळांना त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ची ओळख शाळेतच झाली असेल. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने तर मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानावर लहानपणापासून असतात. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनचे. परंतु त्यांचे ऋण आपणा कॅथलिकांवरही आहे, आणि ऋण मान्य करायला पंथाची आडकाठी असू नये.

सोवळ्याच्या घरातली मुलगी

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे फार कडक. विटाळाच्या भीतीने सारे घर दबून असे. अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी टिळक झाली. नवरा तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले होते. आई लहानपणीच गेली. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, कविता करू लागले.

टिळकांची बुद्धी मोठी आणि मन त्याहून मोठे, पण संसाराच्या दृष्टीने स्वभाव अवघड. नोकरी धरायची आणि सोडायची, हातात आलेला पैसा वाटून टाकायचा, मनात आले की घरातून निघून जायचे. मागे राहिलेल्या बायकोने काय करावे, याचा विचार बहुधा नंतर. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. पुढे ज्या बाईने मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले, तिची सुरुवात एवढ्या थोड्या भांडवलावर झाली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक सहप्रवासी भेटला. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळच्या ब्राह्मण घरात ही बातमी मृत्यूच्या बातमीसारखीच होती. पती जिवंत, पण नाते तुटलेले. पदरात लहान मुलगा दत्तू. या दुःखाच्या काळात लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. पंढरपूर म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. आषाढी-कार्तिकीला आपल्या शहरातून दिंड्या जाताना आपण पाहतो. त्या विठोबाच्या गावात एक तरुण बाई आपल्या नवऱ्याला ज्याने आपल्यापासून तोडले त्या ख्रिस्तावर रागावून, रडून दिवस काढत होती. हे आपण विसरू नये. पुढे तिने ज्याचे चरित्र गायले, तो तिला प्रथम भेटला तो आपला संसार मोडणारा म्हणून.

सुमारे चार-पाच वर्षांनी त्या टिळकांकडे अहमदनगरला परतल्या. सोवळे मात्र बरोबर नेले. नवऱ्याच्या गावी राहायचे, पण विटाळ होऊ द्यायचा नाही असा बेत. तो हळूहळू ढासळला, आणि वादविवादाने ढासळला नाही. जात देवाने केली की माणसाने, एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे स्वीकारले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाचे जाड ग्रंथ वाचले, पण इतक्या साध्या प्रश्नाने आयुष्य बदललेले माणूस त्यांत क्वचितच भेटले. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगरच्या प्लेगमध्ये त्या रोग्यांची सेवा करायला गेल्या. त्यांच्या घरात निराधार मुले वाढली. बालकवी ठोंबरेही त्या घरात मुलासारखे राहून गेले.

टिळकांचे स्वप्न

टिळक नगरच्या सेमिनरीत शिकवत, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला. परंतु त्यांच्या मनाला एक गोष्ट सतत टोचत असे. ख्रिस्त आपल्या लोकांसमोर परक्या कोटात उभा आहे, असे त्यांना वाटे. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी अभंग आणि भजने लिहिली आणि उपासनेत टाळ-मृदंगाला जागा करून दिली. मराठी चर्चमध्ये आज भजन म्हणताना आपल्याला काही वेगळे वाटत नाही, याचे मोठे श्रेय त्यांना आहे.

या सगळ्याचा कळस म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. रामायणाप्रमाणे प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र मराठी काव्यात आणायचे, असा बेत होता. मराठीला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले होते. तीनशे वर्षांनंतर एक मराठी कवी पुन्हा तेच शिखर चढू पाहत होता.

पण टिळकांचा स्वभाव आपण पाहिला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यासवृत्तीने राहू लागले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तो जेमतेम उभा राहतो तोच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहा अध्याय झाले होते. प्रभूचे सार्वजनिक कार्य, दुःखसहन, क्रूस, पुनरुत्थान, हे सारे कागदावर यायचे राहून गेले.

व्हिएन्नातली एक अपुरी मिस्सा

अशीच एक घटना त्याआधी १२८ वर्षे युरोपात घडली होती. ती इथे सांगतो, कारण तिच्यामुळे लक्ष्मीबाईंनी काय केले हे अधिक नीट कळते.

व्हॅटिकन परिषदेपूर्वी मृतांसाठीची मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तिच्या पहिल्याच शब्दावरून तिला ‘रेक्वीएम’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थ विश्रांती. धर्मगुरूंची वस्त्रे काळी असत आणि गायकवृंद न्यायाच्या दिवसाचे दीर्घ गीत गात असे. थोर संगीतकारांनी या मिस्सेला संगीत दिले आहे. त्यांत सर्वांत प्रसिद्ध रचना मोझार्टची.

वोल्फगांग मोझार्ट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा, जन्म १७५६चा. १७९१च्या उन्हाळ्यात एका निनावी माणसाकडून त्याला रेक्वीएम रचण्याचे काम आले आणि काही रक्कम आगाऊ मिळाली. काम देणारा होता काउंट वाल्झेग नावाचा सरदार. त्याची पत्नी आना त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला अवघ्या विसाव्या वर्षी वारली होती. तिच्या स्मरणार्थ ही मिस्सा गायची होती. पण सरदाराची आणखी एक इच्छा होती. दुसऱ्याकडून रचना करून घेऊन ती स्वतःची म्हणून मिरवायची.

५ डिसेंबर १७९१ रोजी मोझार्टच वारला. वय पस्तीस. मिस्सेचा पहिला भागच तेवढा सर्वांगाने पुरा झाला होता. पुढच्या बऱ्याच भागांत गायकांचे स्वर लिहिलेले होते, पण वाद्यांच्या ओळी बहुतेक रिकाम्या. अश्रूंच्या दिवसाचे जे कडवे आहे, त्याच्या पहिल्या आठ मात्रागटांनंतर लेखणी थांबली होती. मागे राहिली पत्नी कॉन्स्टान्झे, दोन लहान मुले आणि कर्ज. रचना पुरी झाली नाही तर उरलेला मोबदला मिळणार नव्हता. तिने आधी आयब्लर नावाच्या संगीतकाराला विचारले. त्याने थोडे केले आणि सोडून दिले. मग काम आले पंचविशीतल्या फ्रान्झ झ्युसमायरकडे. तो मोझार्टच्या हाताखाली काम केलेला, त्याची रीत जाणणारा.

झ्युसमायरने रिकाम्या ओळी भरल्या. अश्रूंचे कडवे पुरे केले. ‘सांक्तुस’, ‘बेनेदिक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ हे भाग आपण नव्याने लिहिले, असे पुढे त्याने स्वतः कळवले. शेवटच्या भागासाठी मात्र त्याने नवे सूर रचले नाहीत. मोझार्टने सुरुवातीला बांधलेलेच संगीत पुन्हा घेतले. सरदाराकडे गेलेल्या प्रतीवर मोझार्टची सही आहे आणि तिच्याखाली वर्ष आहे १७९२. त्या वर्षी मोझार्ट या जगात नव्हता. १४ डिसेंबर १७९३ रोजी सरदाराने ती मिस्सा आनासाठी गाऊन घेतली.

पुढे वाद सुरू झाला. यातला मोझार्ट किती, झ्युसमायर किती? एकोणिसाव्या शतकात त्यावर पुस्तिका निघाल्या. विसाव्या शतकात काही विद्वानांनी झ्युसमायरच्या चुका दुरुस्त केल्या, काहींनी त्याचे भाग काढून टाकून स्वतः नवे लिहिले. तरीही बहुतेक गायकवृंद आजही झ्युसमायरने पुरी केलेलीच मिस्सा गातात. आणि ऐकून घरी जाणारा माणूस म्हणतो, आज मोझार्ट ऐकला. झ्युसमायरचे नाव निघते ते बहुधा त्याची चूक दाखवताना.

मग रचना कोणाची?

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्ही असे शिकलो की कोणत्याही वस्तूचे कारण एकच नसते. ती कशापासून झाली, तिला रूप कोणते मिळाले, ती घडवली कोणी आणि कशासाठी घडवली, असे चार प्रश्न विचारावे लागतात. रेक्वीएमचा वाद करणारे बहुतेक लोक ‘कोणी’ या एका प्रश्नापाशीच थांबले. ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारला की दृश्य बदलते. ही मिस्सा वीस वर्षांच्या एका मृत मुलीच्या आत्म्याला विश्रांती मिळावी म्हणून होती. ज्या सरदाराने नाव चोरू पाहिले, त्याचे नाव आज हसण्यापुरते उरले. मोझार्ट गेला, झ्युसमायरही १८०३ साली सदतिसाव्या वर्षी गेला. पण प्रार्थना पुरी झाली आणि अजून गायली जाते.

आपल्या सोलापूरच्या मागावर काम केलेल्या माणसाला हे जास्त सांगावे लागणार नाही. एकाची पाळी संपते, दुसरा येऊन त्याच मागापाशी उभा राहतो, आणि चादर पुढे विणली जाते. पांघरणाऱ्याला सांधा दिसत नाही. म्हणून दुसऱ्या पाळीच्या माणसाने काम केलेच नाही, असे कोणी म्हणेल काय? आणि पगाराच्या दिवशी त्याचे नाव गाळले, तर ते न्यायाचे होईल काय?

आम्हाला या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. देवाच्या कामात नावासाठी भांडू नये, हे खरे. पण दुसऱ्याचे नाव पुसू नये, हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट काम करणाऱ्याने लक्षात ठेवायची आहे, दुसरी आपण. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते. ज्याने गप्प राहून काम पुरे केले त्यालाच आपण नम्रतेचा धडा देतो.

चौसष्ट अध्याय

आता पुन्हा लक्ष्मीबाईंकडे वळू. टिळक गेले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीचे होते. समोर दहा अध्यायांचा कागदांचा गठ्ठा. टिळक संस्कृत काव्यात मुरलेले, महाराष्ट्रभर नाव असलेले कवी. ही बाई त्यांच्याच हाताखाली अक्षरे गिरवलेली. मोझार्टच्या वहीपुढे बसलेल्या झ्युसमायरनेही आयुष्यभर संगीताचे शिक्षण घेतले होते. लक्ष्मीबाईंकडे तसे काही नव्हते. त्यांना कोणी मोबदलाही देणार नव्हते.

त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले.

हा आकडा पुन्हा वाचावा अशी आमची विनंती आहे. टिळकांचे सुमारे दहा आणि लक्ष्मीबाईंचे चौसष्ट. म्हणजे ग्रंथाचा कितीतरी मोठा भाग त्यांचा. याच वैधव्याच्या काळात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. ती १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई देवाघरी गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. ते छापलेले पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.

आजही ‘ख्रिस्तायन’ म्हटले की पुष्कळांच्या तोंडी पहिले नाव टिळकांचे येते. कल्पना त्यांची, आरंभ त्यांचा, हे कोणी नाकारणार नाही. लक्ष्मीबाईंनीही नाकारले नसते. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी टिळकांना मध्यभागी बसवले आणि स्वतःकडे हसत पाहिले. पण प्रभूचे कार्य, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांपर्यंत मराठी वाचकाला नेले ते लक्ष्मीबाईंनी. आरंभ करायला प्रतिभा लागते, हे सगळे मानतात. शेवटापर्यंत जायला काय लागते, हे फारसे कोणी विचारत नाही. कोणी पाहत नसताना, कोणी विचारत नसताना, रोज उठून पुढचा अध्याय घ्यावा लागतो. याला आम्ही निष्ठा म्हणू.

आणखी एक गोष्ट आम्हाला थक्क करते. ज्या माणसाच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला, त्याचेच काम त्यांनी पुरे केले. झ्युसमायरने गुरूचे हस्ताक्षर आणि गुरूची रीत गिरवली. लक्ष्मीबाईंना पतीची श्रद्धा नुसती गिरवून चालले नसते. ती आधी स्वतःची व्हावी लागली, आणि तिची किंमत त्यांनी पंढरपूरच्या त्या वर्षांत मोजली होती. दुःखसहनाचे अध्याय लिहिणारी व्यक्ती दुःखाशी अनोळखी नव्हती.

आपल्यासाठी

आपल्या श्रद्धेनुसार मृत आणि जिवंत एकाच ख्रिस्तसभेचे आहेत. म्हणून आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. त्यांचे शुद्धीकरण पुरे होऊन त्यांना देवाचे दर्शन घडावे, यासाठी आपली मिस्सा त्यांच्या उपयोगी पडते. एका अर्थी मृतांसाठी प्रार्थना करणारा प्रत्येक जण दुसऱ्याचे राहिलेले काही पुरे व्हावे म्हणूनच हात जोडतो. अखेर पुरे करणारा देव आहे. पण तो माणसांच्या हातांनी काम करतो, आणि ते हात फार वेळा एखाद्या विधवेचे असतात, थोरल्या मुलीचे असतात, शाळा सोडून कामाला लागलेल्या धाकट्या भावाचे असतात.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. पतीच्या पश्चात कर्ज फेडून मुलांना शिकवणाऱ्या माता आहेत. वडिलांनी सुरू केलेले प्रार्थनेचे मंडळ गाजावाजा न करता चालवणारे आहेत. समारंभात आपण संस्थापकांचा फोटो लावतो, हार घालतो. ते योग्यच आहे. पण तो फोटो पुसून ठेवणारा कोण, हेही एकदा विचारावे.

म्हणून या महिन्यासाठी एक साधी सूचना. मृतांच्या नावांची यादी कचेरीत द्यायला येण्यापूर्वी घरात सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येक नाव घेताना त्या व्यक्तीचे कोणते काम राहिले होते आणि ते आता कोण वाहत आहे, हे मोठ्याने बोलावे. जो वाहत आहे तो बहुधा तिथेच, त्याच खोलीत बसलेला असेल. मृतासाठी प्रार्थना करावी आणि या जिवंत माणसाचे त्याच्या समोर आभार मानावेत. आणि गायकवृंदाला विनंती की टिळकांचे भजन म्हणण्यापूर्वी कवीचे नाव सांगाल, तेव्हा लक्ष्मीबाईंचेही सांगा.

सर्व मृत भाविकांना प्रभू सार्वकालिक विश्रांती देवो, आणि त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांना बळ देवो.

आपले धर्मगुरू